बटण आधी उलटं करायचं

पहाटे 5:40
लंडनचा बर्मंडसी चौक. नोव्हेंबरातला शुक्रवार, जुन्या वस्तूंच्या बाजाराचा दिवस. मिट्ट काळोख आहे. गाड्यांतून खोकी उतरतायत, आणि उतरण्याआधीच त्यांत बॅटऱ्यांचे झोत पडतायत. मी ज्यांच्या मागे आले ते सत्तरीचे आहेत. फौजी बटणं ओळखायची आणि विकायची, हा त्यांचा धंदा. मनात मी त्यांना आजोबाच म्हणते.

एका गाडीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. आजोबा तो कानाशी धरून हलवतात. मालक वीस पौंड म्हणतो. "मिलिटरी पोलिसांची आहेत सगळी," असंही सांगतो. त्यावर आजोबा काही बोलत नाहीत. पंधराला सौदा ठरतो.

6:30
घडीचं टेबल. त्यावर जुना टॉवेल, बटणं घरंगळू नयेत म्हणून. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजायला कॅलिपर, लोहचुंबक, मऊ दातांचा ब्रश. सामान एवढंच. बोटं गारठलीत, पण हातमोजे नाहीत. हातमोज्यात कडा कळत नाहीत.

पहिलं काम चुंबकाचं. पितळ चिकटत नाही. चिकटलं ते मुलामा दिलेलं लोखंड, ते बाजूला. मग प्रत्येक बटण उलटं. समोरचा मुकुट सगळेच बघतात, ते म्हणतात. मागे कडीभोवती बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं. एकावर 'बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम' निघतं. ही कंपनी 1907 मध्ये झाली. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं म्हणून हे बटण कुणी विकू लागला, तर ते खोटं.

7:45
उजाडलं. टॉवेलवर आता ढीग आहेत. सगळ्यात मोठा ढीग सिंह आणि एकशिंग्या घोडा असलेल्या बटणांचा. ही राजचिन्हाची सर्वसाधारण बटणं. 1871 पासून साध्या शिपायांना मिळू लागली आणि पहिल्या महायुद्धात लाखो अंगांवर होती. मिलिटरी पोलिसांच्याही होती. पण नुसत्या बटणावरून शिपाई कोणत्या पलटणीचा, हे सांगता येत नाही. डबेवाल्याने पोलिसांची म्हटली ती हीच. आजोबा त्यांच्या पाकिटावर 'राजचिन्ह, सर्वसाधारण' एवढंच लिहितात. 'पोलीस' लिहिलं तर दुप्पट भाव येईल. ते लिहीत नाहीत. मला अशी माणसं मोलाची वाटतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या खाकी बॅटलड्रेसला तर बिल्ल्याची बटणंच नव्हती. साधी, बिनखुणेची. त्या काळच्या रेडकॅपचं, म्हणजे मिलिटरी पोलिसाचं, बटण शोधायचं तर त्याचा जुना ठेवणीतला डगला सापडायला हवा.

8:50
चहा. कागदी कप, दीड पौंड. तळाशी दोन बटणं आणि टोपीचा एक बिल्ला उरलाय. भिंग डोळ्याला लागतं. लॉरेलच्या पानांची माळ, वर मुकुट, मधे राजाची आद्याक्षरं. हे खरे मिलिटरी पोलीस. घोड्यावरचे आणि पायी, अशा त्यांच्या दोन वेगळ्या तुकड्या 1926 मध्ये एक झाल्या. 'रॉयल' ही पदवी मिळाली नोव्हेंबर 1946 मध्ये. बिल्ल्याच्या पट्टीवर 'रॉयल' आहे आणि आद्याक्षरं सहाव्या जॉर्जची. जॉर्ज फेब्रुवारी 1952 मध्ये गेला. म्हणजे हा नमुना जेमतेम सव्वापाच वर्षांचा. आजोबा पहिल्यांदाच हसतात.

बटणांची नक्षी झिजून गुळगुळीत झालीय. बटणं रोज घासावी लागत. कापडाला डाग पडू नये म्हणून खाच असलेली पितळी पट्टी बटणाखाली सरकवायची आणि मग पॉलिश लावायचं. ती झीज म्हणजे त्या शिपायाची मेहनत आहे. आजोबा आता त्यावर ब्रशसुद्धा फिरवत नाहीत.

10:20
एक बाई येतात. पाकिटातून टिश्यूत गुंडाळलेलं बटण काढतात. पणजोबा पहिल्या युद्धात मिलिटरी पोलिसात होते, हे त्यांचं, असं सांगतात. आजोबा ते तळहातावर ठेवतात आणि लगेच माझ्या हातावर देतात. पिसासारखं हलकं. चकचकीत सोनेरी. हे रंग चढवलेलं ॲल्युमिनियम, 1950 च्या दशकात आलं, शिपायांची घासाघीस वाचावी म्हणून. मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या. आद्याक्षरं एलिझाबेथ दुसरी यांची.

"हे 1952 नंतरचं आहे, बाई. पणजोबांचं नाही."

बाई गप्प होतात. मग हळूच म्हणतात, मामा होते सक्तीच्या लष्करी सेवेत. साठच्या आसपास सुटून आले. त्यांच्या खणात असेल.

"मग ते मामांचं," आजोबा म्हणतात. "नाव लिहून ठेवा. आजच."

बाई पर्स उघडतात. ते मान हलवतात. ओळखायचे पैसे ते घेत नाहीत.

दुपारी 1:00
आवराआवर. राजचिन्हाची बावीस बटणं गेली, एक पौंडाला एक. बिल्ला बारा पौंडांना. चौतीस झाले. डब्याचे पंधरा वजा, राहिले एकोणीस. त्यातून चहा, पेट्रोल आणि जागेचं भाडं अजून जायचंय.

मिलिटरी पोलिसांची दोन बटणं विकली गेली नाहीत. एकाने भाव विचारला होता, पण तो ती घासून चकचकीत करणार होता. आजोबांनी दोन्ही वेगवेगळ्या कागदात गुंडाळली, पेन्सिलीने 'सहावा जॉर्ज, घासू नये' असं लिहिलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.