गोड्या नदीचा झिंगा आणि त्याचे खारे बालपण

रायपूरपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही शहराशेजारून वाहणाऱ्या खारून नदीचे पाणी (नाव खारून असले तरी ते गोडेच) शिवनाथेतून महानदीस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरास जाते. ह्या वाटेवर एका झिंग्याचा वंश अवलंबून असतो.

समुद्रातील पुष्कळसे अपृष्ठवंशी प्राणी आपली संतती पाण्याच्या स्वाधीन करतात. कोकणच्या खडकांवरील कालवे अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. फलन तेथेच होते. त्यातून उपजलेले डिंभ, म्हणजे प्रौढाशी मुळीच साम्य नसलेली बाल्यरूपे, पाण्याबरोबर वाहत राहतात. त्यांतील बहुतेक कोणाच्या तरी भक्ष्यस्थानी पडतात.

झिंग्याची रीत निराळी. मॅक्रोब्रॅकिअम रोझेनबर्गी ह्या मोठ्या झिंग्याच्या मादीने कात टाकली, की अंग मऊ असतानाच नराशी तिचा संयोग होतो. काही तासांतच ती हजारो अंडी घालते व पोटाखालच्या पायांना चिकटवून वागविते. ते पाय सतत हलत असल्यामुळे अंड्यांस ताजे पाणी मिळते. प्रथम नारिंगी दिसणारी अंडी गर्भ वाढल्यावर करडी होतात. उबदार पाण्यात सुमारे २० दिवसांनी डिंभ बाहेर पडतात: अवघे दोन मिलिमीटर लांबीचे, पोट वर आणि शेपटी पुढे करून पोहणारे!

गोम पुढेच आहे. आईबाप गोड्या पाण्यातले. डिंभास मात्र ते पाणी मानवत नाही. काही दिवसांत खारट पाणी न लाभल्यास तो मरतो. म्हणून मादी नदीमुखाकडे उतरते. मलायातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग ह्या शास्त्रज्ञास डिंभांची ही मिठाची गरज १९६१ च्या सुमारास उमगली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. डिंभांस सुमारे १२ ग्रॅम पुरतात. महिनाभरात अकरा अवस्था ओलांडल्यावर पिलू उलटे पोहणे सोडून तळावर चालू लागते आणि प्रवाहाविरुद्ध वर निघते.

महानदीत ह्याचा भाऊबंद माल्कमसोनी राहतो. त्याच्याही डिंभांस खारट पाणी लागते. १९५७ साली ह्या नदीवर हिराकूड धरण पुरे झाले. अशी उंच भिंत एवढ्याशा पिलास चढून जाता येत नाही. त्यामुळे छत्तीसगढच्या तळ्यात झिंगा पाळू इच्छिणाऱ्यास पिले अशा उबवणी केंद्रातून आणावी लागतात, जेथे टाकीतील पाणी मोजूनमापून खारट केलेले असते.