घरीं आलेलें कांसवाचें पिलूं

कांसव हा प्राणी आपल्या घरांना अपरिचित नाहीं. देवळांत गाभाऱ्यासमोर दगडांत कोरलेल्या कांसवाला नमस्कार करून आपण पुढें जातों. आणि इंद्रियें आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत जी उपमा दिली आहे, तीहि कांसवाचीच. परंतु दगडाच्या कांसवाला भूक लागत नाहीं. अलीकडे शहरांतील मुलें जुन्या रुपयाएवढें हिरवें पिलूं कांचेच्या वाडग्यांत घालून हौसेनें घरीं आणतात, त्याच्याविषयींची पहिली तक्रार मात्र नेमकी भुकेचीच असते. तें कांहींच खात नाहीं. मुलें हिरमुसतात, आजी काळजींत पडते आणि जो तो आपापल्या परीनें उपचार सुरू करतो. कोणी भाताचें शीत टाकतो, कोणी पोळीचा तुकडा, कोणी दुधाचा थेंब. पाणी गढूळ होतें, पिलूं अधिकच अंग चोरून बसतें, आणि पुष्कळदां महिन्या-दोन महिन्यांत वाडगा रिकामा होतो. ह्या मुक्या जीवाचें उपोषण हट्टाचें नसतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

हें पिलूं बहुधा आपल्या देशांतलें नसतेंच. डोळ्यांमागें तांबडा पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतली. तिला रेड-इअर्ड स्लायडर असें नांव आहे. आपल्या नद्यांतलीं व रानांतलीं कांसवें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षित आहेत. पाठीवर चांदण्या असलेलें सुंदर कांसव कोणी कितीहि गोड बोलून देऊं केलें, तरी तें घरांत घेणें हा गुन्हा होय. परदेशी जातीचें पिलूं घेण्यापूर्वींहि वनखात्याकडे चालू नियमांची चौकशी करावी.

आतां उपोषणाचीं कारणें पाहूं. माणसाचें शरीर आपली ऊब आपणच निर्माण करतें. कांसवाला ती बाहेरून घ्यावी लागते. भोंवतालचें पाणी थंड, तर त्याचें शरीर थंड. शरीर थंड, तर जठर मंद. आणि जठर मंद, तर भूक कोठली? पुण्या-नाशिककडे हिवाळ्याच्या रात्रीं वाडग्यांतील पाणी सहज वीस अंशांच्या खालीं उतरतें. अशा वेळीं अन्न नाकारण्यांत पिलाचें शहाणपणच असतें, कारण गिळलेलें अन्न त्याला पचणार नसतें. दुसरें कारण भय. नदींतल्या पिलाला बगळा, मोठा मासा, साप हे सगळेच शत्रू. कांचेवर टकटक करणारें बोट त्याला ह्यांहून निराळें कसें वाटावें? तिसरें कारण मात्र धीर देणारें आहे. अंड्यांतील बलकाचा उरलेला भाग पोटांत घेऊनच कांसवाचें पिलूं बाहेर येतें. कोंकणांत वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे धांवणारीं जीं पिलें पाहावयास लोक मुद्दाम जातात, त्यांचीहि पहिल्या दिवसांची शिदोरी हीच. म्हणून नुकतें जन्मलेलें पिलूं कांहीं दिवस खात नाहीं, एवढ्यावरून घाबरण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य, क्रम असा धरावा: आधीं ऊब, मग शांतता आणि शेवटीं घांस.

शोभेचा वाडगा बाजूस ठेवून निदान साठ-सत्तर लिटरांची रुंद टांकी घ्यावी. आरंभीं पाणी पिलाच्या पाठीच्या रुंदीहून थोडें अधिक खोल असावें, म्हणजे उताणें पडल्यास त्याला सुलटें होतां येतें. नळाचें पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मग वापरावें. पाण्याचें उष्णमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राहावें. माशांच्या टांकीला लावतात तो विजेचा हीटर ह्या कामीं चालतो, पण अंदाजावर न विसंबतां उष्णतामापक पाण्यांत ठेवावा. एका बाजूस चढावयास सोपा व वरून पूर्ण कोरडा राहणारा दगड मांडून त्यावर दिवा असा लावावा, कीं दगडावर ३२ ते ३५ अंशांची ऊब मिळेल. ह्याशिवाय अतिनील किरण देणारी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीं मिळते ती नळी दिवसा दहा-बारा तास हवी. ह्या किरणांनीं त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें. त्यावांचून अन्नांतला चुना कवचाच्या कामीं येत नाहीं. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन येथें निरुपयोगी, कारण कांच नेमके हेच किरण अडविते. उघड्या उन्हांत ठेवावयाचें तर अर्धें भांडें सांवलींत राहील असें पाहावें आणि कोणी तरी जवळ बसावें. कावळ्याला क्षणभराचें दुर्लक्षहि पुरतें.

शांततेचें काम आपल्या भरल्या घरांत सर्वांत कठीण. पिलूं आल्याची वार्ता पसरतांच दहा हात त्याला उचलावयास पुढें होतात. वडीलधाऱ्यांनीं पहिला आठवडा तरी "लांबून पाहा, हात लावूं नका" असा नियम घालावा. टांकी दूरचित्रवाणीजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवूं नये. पिलाला अंग लपविण्यास एखादें फुटकें कौल पालथें घालून ठेवावें. अन्न देण्याचें काम शक्यतों एकाच व्यक्तीनें करावें. ती सांवली म्हणजे संकट नव्हे, हें पिलूं थोड्याच दिवसांत ओळखतें आणि पुढें तीच सांवली पाहून वर येऊं लागतें.

घांस द्यावयाचा तो सकाळीं, दिवा लागून तासभर झाल्यावर. ह्या जातीचें कांसव पाण्यांतच गिळूं शकतें. दगडावर ठेवलेला तुकडा तसाच पडून राहतो. कांसवांसाठीं तयार मिळणारे दाणे भिजवून दोन-तीनच टाकावे. पंधरा मिनिटांत न खाल्लेलें काढून घ्यावें, आणि पुन्हां दुसरे दिवशीं प्रयत्न करावा. तोंड उघडून कोंबण्याचा अघोरी प्रकार कधींहि करूं नये. रोजचें प्रमाण पिलाच्या डोक्याएवढें पुरे. भात, पोळी, पाव व दूध सर्वस्वी वर्ज्य. किसलेलें गाजर व तांबडा भोपळा अधूनमधून द्यावा. पालकानें चुना शोषला जाण्यास अडथळा येतो, म्हणून तो वरचेवर नको. समुद्रफेणाचा लहान तुकडा पाण्यांत टाकून ठेवल्यास चुन्याची भर पडते.

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाल्यांत हा प्राणी मुख्यतः मांसाहारी असतो. वनस्पतींकडे तो वय वाढल्यावर वळतो. पुष्कळ पिलांची भूक गांडुळाचा तुकडा पाहूनच जागी होते. ज्या घरीं हें रुचत नाहीं, तेथें दाण्यांवर काम भागतें. परंतु त्या दाण्यांतहि मासळी असते, हें आणण्यापूर्वींच घरांत बोलून ठरवावें. आपल्या सोंवळ्यासाठीं त्या जीवाला भाजीवर ठेवणें हा धर्म नव्हे, ती उपासमार होय.

सोंवळ्याचा उपयोग दुसरीकडे आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या कांसवाच्या अंगावरहि साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. लहान मुलांना ह्या जंतूंची बाधा होऊं लागल्यामुळेंच अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कांसवांची विक्री बंद करण्यांत आली. म्हणून हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, टांकीचें पाणी स्वयंपाकघराच्या मोरींत ओतूं नये, आणि पांच वर्षांखालील मुलांच्या व अशक्त वृद्धांच्या हातीं पिलूं देऊं नये.

ऊब व शांतता मिळूनहि दहा-बारा दिवस अन्न घेतलें नाहीं, डोळे सुजले, नाकावाटे बुडबुडे आले, पोहतांना अंग एका बाजूस कललें किंवा कवच मऊ लागलें, तर घरगुती उपाय न करतां पशुवैद्याकडे न्यावें.

एवढें केल्यावर पिलूं रुळतें, खातें आणि वाढतें. आणि खरा प्रश्न तेथेंच उभा राहतो. मादीचें कवच पुढें पंचवीस सेंटिमीटरांवर जातें आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचें असतें. आज सात वर्षांचा असलेला मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जाईल, तेव्हां हें कांसव ऐन तारुण्यांत असेल. मग पाणी बदलून कंटाळलेलीं माणसें त्याला देवळाच्या तळ्यांत सोडतात आणि पुण्य केल्याचें समाधान मानतात. परंतु ही दांडगी जात आपल्या कांसवांचें अन्न व बसण्याच्या जागा बळकावते. युरोपीय संघानें १९९७ सालीं तिची आयात थांबविली, ती ह्याच भीतीनें. आणि आसाम व केरळमधील तळ्यांत ती आतां सांपडूं लागली आहे. तेव्हां मुलाच्या हट्टाला होकार देण्यापूर्वीं घरांतील मोठ्या माणसांनीं एकत्र बसून एवढेंच ठरवावें, कीं मुलें मोठीं होऊन दूर गेल्यावर ह्या टांकीचें पाणी कोण बदलणार. त्या प्रश्नाला कोणा एकाचें नांव उत्तर म्हणून मिळालें, तरच पिलूं आणावें.