जाड गादी नको, कोरडी चड्डी हवी

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याने कुणी केली त्याच्या डोळ्यांसमोर सायकल नसणार. पण उन्हाळ्यात आमच्या ओपीडीत येणाऱ्या काही मंडळींना ती तंतोतंत लागू पडते. आत येतात, खुर्चीवर जरा तिरके टेकतात, आधी ॲसिडिटीबद्दल बोलतात, मग गुडघ्याबद्दल. आणि निघताना, दार अर्धं उघडल्यावर म्हणतात, “डॉक्टर, आणखी एक जरा होतं...”

गेल्या महिन्यात असेच एक निवृत्त शिक्षक आले. वय एकसष्ट, आठ वर्षांचा मधुमेह. चालताना गुडघे दुखतात म्हणून मीच त्यांना सायकल सुचवली होती. मुलाने पुण्याहून गिअरची सायकल आणि सोबत पॅडची चड्डी पाठवली. गुरुजी रोज सकाळी भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याला लागायचे, तासाभराने परत. साखर उतरली, वजन उतरलं आणि दीड महिन्यात सायकल बंद पडली. दोन्ही जांघांत गजकर्ण पसरलं होतं, बैठकीच्या जागी दोन केसतोड होते आणि त्या सगळ्यावर महिनाभर दुकानातून आणलेलं मलम चोळून झालं होतं. “सीट कडक आहे म्हणून होतंय असं वाटलं, म्हणून आणखी जाड, जेलवाली चड्डी मागवली,” ते म्हणाले.

त्यांना हसण्याचा मला अधिकार नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर मी सायकल घेतली तेव्हा मीही सगळ्यात फुगीर गादीची चड्डी घेतली होती. वर शहाणपणा करून आत सुती अंडरवेअर घातली आणि एप्रिलमध्ये आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघालो. पंचवीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. येताना वाऱ्याच्या चढाला मला समुद्र दिसत नव्हता, फक्त सीट जाणवत होती. पुढचे तीन दिवस मी उभ्यानेच राउंड घेतले.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, रत्नागिरीत तो बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. तरी नागपूरचा पाहुणा इथे येऊन ‘जीव नकोसा झाला’ म्हणतो, कारण इथला घाम वाळत नाही. घामाने शरीर थंड होतं ते घाम सुटल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवेतच दमटपणा काठोकाठ भरलेला असेल तर घाम नुसता ओघळतो, पाठीवरून कमरेत आणि कमरेतून थेट चड्डीच्या गादीत. ती गादी जितकी जाड, तितकं जास्त पाणी धरून ठेवते. विदर्भातल्या कोरड्या हवेत हीच चड्डी फार त्रास देणार नाही कदाचित. इथे ती ओला स्पंज होते.

ओली कातडी मऊ पडते. पाण्यात फार वेळ राहिलेली बोटं आठवा. अशी कातडी थोड्याशा घर्षणानेही सोलवटते. एका तासात पाय काही हजार वेळा वर-खाली होतात आणि दर वेळी जांघेची कातडी कापडावर घासते. केसांच्या मुळांशी जंतू शिरले की केसतोड होतो, दमट घडीत बुरशी वाढली की गजकर्ण. दोन्हींची सुरुवात ओलाव्यापासून होते, आणि आपण बिचाऱ्या सीटला दोष देत गादी वाढवत बसतो.

मुळात ही गादी मऊपणासाठी आलीच नव्हती. पूर्वीच्या शर्यतवाल्यांच्या चड्ड्या लोकरीच्या असत आणि कापडाची शिवण लागू नये म्हणून आतून शॅमॉय नावाचं मऊ चामडं लावलेलं असे. धुतल्यावर ते कडक होई, म्हणून त्याला मलम चोळत. आजही पॅडला ‘शॅमी’ म्हणतात ते त्यामुळे. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत लायक्राचा धागा तयार झाला, पुढे चड्ड्या त्याच्या होऊ लागल्या आणि चामड्याच्या जागी फोम आला. काम मात्र तेच राहिलं, कातडी आणि सीट यांच्यामध्ये शिवण, सुरकुती आणि ओल येऊ न देणं.

दाब घेण्याचं काम फोमच्या जाडीपेक्षा त्याच्या घट्टपणावर अवलंबून असतं. सायकलवर आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. मऊ आणि जाड गादीत ही हाडं रुततात, मधला भाग वर येतो आणि दाब नेमका तिथे पडतो जिथे तो नको असतो, म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेवर. तिथून प्युडेंडल ही नस आणि रक्तवाहिन्या जातात. मुंग्या येणं, बधिर होणं हे त्याचं लक्षण. अशा वेळी पेडलवर उभं राहावं आणि घरी आल्यावर सीटची उंची आणि कल तपासून घ्यावा. उतरल्यानंतरही बधिरपणा राहत असेल तर सायकल ठेवून डॉक्टरकडे यावं.

म्हणून निवडताना अंगठ्याने पॅड दाबून बघा. बोट लगेच तळाला टेकलं तर तो फोम कुचकामी. हळूहळू दबून सोडल्यावर चटकन वर आला तर चांगला. चांगल्या कंपन्या फोमची घनता सांगतात; लांबच्या प्रवासाच्या पॅडमध्ये हाडांखालच्या भागात ती घनमीटरला ८० ते १२० किलो असते. तासा-दीड तासाच्या फेरीला एवढंही लागत नाही. पॅडवरचं कापड गुळगुळीत, छिद्रांचं आणि सलग असावं, मधोमध शिवण नको. बाकीच्या कापडात नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि १५ ते २० टक्के इलॅस्टेन असलं की पुरे. ‘शंभर टक्के कॉटन’ हे उन्हाळ्यात एरवी मीच सांगत असतो, पण इथे ते चुकीचं आहे. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं.

आणि घरी आल्यावर एक परीक्षा घ्या. चड्डी भिजवा, हाताने पिळा आणि रात्री पंख्याखाली टांगा. माझी जेलवाली सकाळीही दमट होती. तिच्या निम्म्या किमतीची पातळ पॅडची चड्डी मध्यरात्रीच कोरडी झाली. तेव्हापासून मी जेलच्या वाटेला गेलो नाही. जेल घाम शोषत नाही हे खरं, पण वाफही बाहेर जाऊ देत नाही.

मापाची गोष्ट चमत्कारिक आहे. बरोबर मापाची सायकलची चड्डी उभं राहिल्यावर विचित्र वाटते, पुढून ताणलेली आणि मागे लंगोटासारखी. दुकानात आरशासमोर उभं राहून ठरवू नका, वाकून हँडल धरल्यासारखे बसा. त्या बैठकीत पॅड कातडीला चिकटून राहायला हवा, एकही सुरकुती नको. सैल चड्डी आरामाची वाटते, पण तीच सरकते आणि घासते. मांडीवरची पट्टी रुंद असावी; बारीक इलॅस्टिक आणि सिलिकॉनच्या चिकट रेघा घामात काही जणांना पुरळ आणतात. खांद्यावर पट्टे असलेल्या बिब चड्डीत कमरेला इलॅस्टिक काचत नाही, हा फायदा; पण उकाड्यात अंगावर कापड वाढतं आणि लघवीला जाताना अर्धे कपडे उतरवावे लागतात. रस्त्याकडेच्या आडोशाला स्त्रियांनी हे कसं करायचं, याचा विचार फार कमी कंपन्या करतात.

स्त्रियांनी स्त्रियांसाठीचाच पॅड घ्यावा. त्यांच्या बैठकीच्या हाडांतलं अंतर सहसा जास्त असतं, म्हणून तो मागे रुंद हवा. नवऱ्याची जुनी चड्डी वापरून बघणं नको. पाळीच्या दिवसांत पॅडवर पॅड ठेवला की घर्षण वाढतं. ज्यांना जमतो त्यांना कप सोयीचा पडतो.

आता सगळ्यात मोठी चूक. पॅडच्या चड्डीच्या आत अंडरवेअर घालायची नसते. हे सांगितल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे मी काही अचकटविचकट बोललो असं बघतो. पण आतल्या अंडरवेअरची शिवण आणि ओलं सूत यांनीच निम्मी कातडी सोलते. आणि म्हणूनच ही चड्डी एका वापरानंतर धुवायलाच हवी, ‘आज तासभरच घातली होती’ हे चालत नाही. उलटी करून साध्या साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका, आणि उलटीच उन्हात घाला. सायकलवरून उतरल्यावर तीच चड्डी घालून चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसणाऱ्यांना तर मी दुरूनच ओळखतो. त्यांतले काही पुढे ओपीडीत भेटतात.

टाल्कम पावडर घामात गोळा होऊन आणखी घासते. घर्षण होतं तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात चालतो. खोबरेल तेलही चालतं, पण गजकर्णाच्या चट्ट्यावर नाही. आदल्या दिवशी त्या भागावर रेझर फिरवू नये, केसतोडाला ते आमंत्रण आहे.

गुरुजींच्या मलमाबद्दल मात्र मला राग आला. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र होतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो. पण त्या जागची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आतल्या आत पसरते, जांघेची कातडी पातळ होऊन तिला भेगा पडतात. अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला. तरी ती मिळतात. आणि बुरशीही आता पूर्वीची राहिलेली नाही. २०२० साली जपानच्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांत सापडलेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. पूर्वी दोन आठवड्यांत जाणाऱ्या गजकर्णाला म्हणूनच आता दोन-दोन महिने लागतात.

मधुमेहींनी आणखी एक बघावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी साखर लघवीवाटे बाहेर जाते. गोळ्या उत्तम आहेत, पण त्यांच्यामुळे जननेंद्रियाजवळ बुरशी वाढण्याची शक्यता जास्त असते. गुरुजी त्यातलीच एक घेत होते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, त्या भागाची स्वच्छता आणि कोरडेपणा दुपटीने सांभाळावा. आणि सूज, ताप, वाढत जाणारी वेदना असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मग ही चड्डी सगळ्यांना लागते का? आमच्या गल्लीत पहाटे भोंपू वाजवत येणारा पाववाला वर्षानुवर्षं साध्या पँटवर सायकल चालवतोय. त्याची सीट रुंद, स्प्रिंगची. तो ताठ बसतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी कुणाच्या तरी दारात उतरतो. त्याला पॅडची गरज नाही. बाजारात जाऊन येणाऱ्यालाही नाही. पुढे वाकून, न उतरता, तासाभराहून जास्त चालवणाऱ्याचा हा प्रश्न आहे. असे लोक आता पुष्कळ झालेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यापासून आमच्या पेशातच कितीतरी जणांना दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायच्या ब्रेव्हेचं वेड लागलंय.

गुरुजींना आठ आठवडे गोळ्या दिल्या, मलम बंद केलं, जेलवाली चड्डी कपाटात गेली. त्यांनी दोन पातळ पॅडच्या घेतल्या, आलटून पालटून वापरायला. घट्ट चड्डीत माजी विद्यार्थी भेटले तर कसं, ही त्यांची अडचण होती. वरून सैल, पातळ हाफपँट घालून ती सुटली. परवा तपासणीला आले तेव्हा खुर्चीवर सरळ बसले. आता त्यांना काळजी आहे जूनची, कारण एकदा पाऊस लागला की दोऱ्यांवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. धुतलेली चड्डी कोरड्या पंचात गुंडाळायची, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं आणि मग पंख्याखाली टांगायचं, असं मी सांगितलं. “म्हणजे हिला पहाटे उठवायला नको, रात्रीच पिळून घेतो,” असं म्हणून ते तिसरी चड्डी कुठल्या रंगाची घ्यावी ते विचारू लागले. मी काळीच सांगितली. फिक्या रंगाची भिजली की आरपार दिसते.