गणेशपेठ ते नागद्वार : एका पायी सहलीची दहा वर्षे

नागपूरच्या मनीषनगरात ज्या घरांतली मुले जर्मनीत नोकरीला आहेत, त्या घरांतले आईबाबा उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून येतात. परतल्यावर सांगायला बरेच असते, पण एक गोष्ट हमखास निघते. तिथे गाडी न काढता जंगलात जाता येते आणि जंगलात चक्क पायी हिंडता येते. बव्हेरियन फॉरेस्ट हे जर्मनीचे पहिले राष्ट्रीय उद्यान, 1970 सालचे. त्याच्या आसपासच्या अनेक गावांत मुक्काम केला की पाहुण्याच्या हाती एक कार्ड पडते. ते दाखवले की उद्यानाची बस फुकट आणि डोंगरातली छोटी रेल्वेही फुकट. बसमधून उतरले की खुणा केलेल्या वाटा सुरू.

ऐकणारा शेजारी उसासा टाकतो, “आपल्याकडे कुठे असं भाऊ!”

आहे की. फक्त त्याला कोणी वॉकिंग हॉलिडे म्हणत नाही, नागद्वारची यात्रा म्हणतात. आषाढ संपत आला की नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर पचमढीच्या जादा गाड्या लागतात. पाठीवर पिशवी आणि हातात काठी घेतलेली माणसे त्यांत चढतात, पचमढीला उतरतात आणि सातपुड्याच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगरामागून डोंगर चालत जातात. सरकारी बसने जाऊन राष्ट्रीय उद्यानात पायी फिरणे विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. गेल्या दहा वर्षांत या सहलीचा मार्ग, वाहन आणि तिकीट मात्र बरेच बदलले.

मागोवा 2015 पासून घ्यायला हवा. त्या वर्षाच्या अखेरीस नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. रुळांमधले अंतर जेमतेम 762 मिलिमीटर. सावनेर, सौंसर, रामाकोना करत, घाटात धापा टाकत ती छिंदवाड्याला पोचायची. तिथून तामियामार्गे पचमढीचा रस्ता. चार वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मध्ये, इतवारी-नागभीड ही दुसरी नॅरोगेज गाडीही थांबली. 1908 पासून उमरेड, भिवापूरच्या रानाकडेने ती धावत होती. घाईच्या माणसाच्या या गाड्या नव्हत्याच, पण डब्याच्या दारात बसून जंगल पाहायची सोय त्यांत होती. आता त्यांची इंजिने पाहायला कडबी चौकाजवळच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावे लागते.

जर्मनीच्या हार्झ पर्वतात अशाच अरुंद रुळांवरची वाफेची गाडी आजही 1141 मीटर उंचीच्या ब्रोकेन शिखरापर्यंत जाते आणि ते शिखर राष्ट्रीय उद्यानातच आहे. आपण वेगवान गाडीसाठी रूळ रुंद केले, त्यांनी चालणाऱ्या पाहुण्यांसाठी अरुंद रूळ जपले. छिंदवाड्याला ब्रॉडगेज आली, तिचा फायदाही झाला. तरी दारात बसून पाहायचे ते जंगल काही परत आले नाही.

2019 हे वर्ष मनीषनगरासाठी वेगळ्याच कारणाने लक्षात राहणारे. मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. त्याआधी मनीषनगरचे नाव काढले की रेल्वे फाटक आठवायचे. फाटक पडले की वर्धा रोड समोर दिसत असूनही हाताला लागत नसे. पुढे फाटकावर उड्डाणपूल झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये वर्धा मार्गावरचा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल खुला झाला : खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. आता यात्रेकरू उज्ज्वलनगर स्थानकावर मेट्रोत बसतो, सीताबर्डीला उतरतो आणि ऑटोने गणेशपेठ गाठतो. सकाळी सहाची बस पकडायची तर मात्र अजूनही घरच्या कोणाला तरी स्कूटर काढावी लागते.

पूल झाला, मेट्रो झाली, आणि यात्राच थांबली. कोरोनाच्या काळात नागद्वारचा रस्ता बंद राहिला. त्यातून सावरतो न सावरतो तोच 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर त्रिशूळ वाहायला जाणाऱ्या भाविकांची त्यात अडचण झाली. ज्यांना परवडले त्यांनी जीपगाड्या केल्या. अशा वर्षांत कळते की ज्याला आपण सहज येष्टी म्हणतो, ती नसली तर अख्खा डोंगर दूर जातो.

संप मिटला आणि तिकिटाचे दिवस आले. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सवलत आधीपासून होतीच. पण यात एक मेख आहे आणि ती पचमढीच्या गाडीतच कळते : ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सावनेर मागे पडले, राज्याची सीमा ओलांडली की पुढचे भाडे पूर्ण. गंमत अशी की तिकिटाचा दर बदलतो तिथे भाषा बदलत नाही. सौंसरच्या स्टँडवर चहावाला मराठीतच बोलतो.

रेल्वेनेच जायचे असेल तर दुसरा मार्ग आहे. नागपूरहून इटारसीमार्गे पिपरिया आणि तिथून पन्नासेक किलोमीटर घाटाने पचमढी. अंतर वाढते, पण रात्री झोपून जाता येते. ज्यांना बस लागते, म्हणजे मळमळते, ती मंडळी हाच रस्ता धरतात.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान 1981 चे, आणि पुढे ते व्याघ्र प्रकल्पाचा गाभा झाले. पावसाळ्यात, 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत, मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात सफारी बंद असते. जिप्सी थांबतात आणि नेमक्या त्याच दिवसांत नागद्वारची पायवाट उघडते. वर्षातून एकदा, नागपंचमीपर्यंतचे जेमतेम दहा-बारा दिवस. धूपगडच्या रस्त्यावर वाहन सोडायचे आणि जलगलीपासून उतरायला लागायचे. जाऊन-येऊन पंधरा-वीस किलोमीटर, सगळा चढउतार, बहुतेकांना दोन दिवस लागतात. धुके एवढे की पुढच्याचा रेनकोट हाच वाटेचा फलक. दगडांवर शेवाळ, कड्यांना लोखंडी शिड्या, आणि समोरून येणाऱ्याला वाट देताना तोंडात “हर हर महादेव”.

वाटेत काजळी नावाचे ठिकाण लागते. एका बाईने मूल व्हावे म्हणून नागदेवाला काजळ घालण्याचा नवस केला आणि प्रत्यक्षातले त्याचे रूप पाहून ती जागीच कोसळली, अशी आख्यायिका यात्रेकरू तिथे सांगतात. जेवणाची चिंता नसते. विदर्भातली मंडळे राशन वर चढवून वाटेवर भंडारे लावतात. घरची शिदोरी म्हणजे तिखट-मिठाच्या पुऱ्या, ती पहिल्या मुक्कामालाच संपते.

बाकीच्या जंगलांचे काय? नागपूर स्वतःला वाघांची राजधानी म्हणवते. पेंच आणि ताडोबा दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. जबलपूर मार्गावरची एसटी पेंचच्या फाट्यापर्यंत सोडते, पण सिल्लारीचे गेट तिथून आत आहे आणि त्या शेवटच्या टप्प्यासाठी भरवशाचे वाहन नाही. चंद्रपूरहून मोहर्लीपर्यंत बस जाते, आत मात्र जिप्सीच. वाघाच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही, हे योग्यही आहे. पण बफरमधल्या आखलेल्या वाटांपर्यंत बसने जाता यावे, एवढे मागणे वाजवी आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंचला देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तारे पाहायला रात्र लागते, आणि रात्री परतीची एसटी नसते. मनीषनगरातून तिथे जाणाऱ्याला गाडी काढावीच लागते.

दहा वर्षांचा हिशेब असा : शहरातला प्रवास सोपा झाला, जंगलापर्यंतचा शेवटचा टप्पा होता तिथेच राहिला. जिथे हजारो माणसे एकदम जातात, तिथे एसटी जादा गाड्या सोडते. जिथे चार माणसांना रविवारी जायचे असते, तिथे एकही नाही. एसटी आणि वनविभागाने एकत्र बसून सुटीच्या दिवशी फाटा ते गेट अशी सकाळ-संध्याकाळ एक-एक फेरी जरी सुरू केली, तरी बरेच काम होईल.

तोवर नागद्वार आहेच. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे नागपंचमी लांबून 17 ऑगस्टला आली आहे. जादा गाड्यांच्या वेळा गणेशपेठच्या चौकशी खिडकीवर आधीच विचारून ठेवाव्यात. रबरी तळव्याचे बूट, टॉर्च आणि कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावा. आणि प्लास्टिकची ती पिशवी डोंगरात न टाकता परत नागपूरला आणावी.