आवळा लावायचा, पण कोणता?



पाऊस तोंडावर आला की गटाच्या बैठकीत हमखास निघणारा विषय म्हणजे बांधावर आणि पडीक तुकड्यावर काय लावायचं. दुसरबीडच्या आसपास मुरमाड, हलक्या रानाला तोटा नाही, आणि अशा रानात तग धरणाऱ्या फळझाडांत आवळ्याचं नाव आधी येतं. सरबत, मोरावळा, कँडी, सुपारी असे पदार्थ घरच्या घरी होतात, यंत्रं फार लागत नाहीत. तेव्हा आवळा लावावा की नाही यावर आज बोलत नाही. आज बोलायचं ते कोणता आवळा लावावा यावर. रोपवाटिकेत "आवळा तो आवळा, त्यात काय निवडायचं?" असं ऐकून गाडीत भरतील ती रोपं आणणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. झाड मात्र तीस-चाळीस वर्षं दारात उभं राहतं.

आंब्याच्या बाबतीत आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. रसाचा आंबा वेगळा, कापून खायचा वेगळा, लोणच्याची कैरी आणखी वेगळी. पिळून रस निघतो तो गावरान आंबा आपण फोडी करायला घेत नाही. आवळ्याला हाच न्याय लावायचा.

दूरदेशीही लोक असाच विचार करतात. इंग्लंडमध्ये सफरचंदाच्या रसापासून सायडर नावाचं आंबवलेलं पेय करतात. त्यासाठी 1903 साली ब्रिस्टल शहराजवळ लाँग ॲश्टन इथे संशोधन संस्था निघाली. तिथल्या बार्कर नावाच्या शास्त्रज्ञांनी सफरचंदांचे चार वर्ग केले: गोड, आंबट, गोड-तुरट आणि आंबट-तुरट. यातली तुरट सफरचंदं नुसती खाववत नाहीत, पण रसाला चव आणि अंग त्यांच्यामुळेच येतं. म्हणून तिथला शेतकरी रस डोळ्यांपुढे ठेवून झाड लावतो आणि बहुधा दोन-तीन जातींचे रस एकत्र करतो. आपल्याला ते पेय करायचं नाही, पण ती रीत घेण्यासारखी आहे. आंबट आणि तुरट हे तर आपल्या आवळ्याचे जन्मजात गुण.

आता आवळ्याच्या जाती. बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस या जुन्या. पुढे उत्तर प्रदेशातल्या फैजाबादच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने नव्या जाती निवडल्या. पाटीवर 'एनए' लिहिलेलं दिसतं ते म्हणजे नरेंद्र आवळा.

मोरावळा किंवा कँडी करायची असेल तर पहिला प्रश्न रेषांचा. रेषा म्हणजे फळातले धागे. फळ वाफवून पाकात मुरवलं तरी धागे विरत नाहीत, दातांत अडकतात, आणि एकदा अडकले की गिऱ्हाईक परत येत नाही. या कामाला एनए-6, म्हणजे अमृत, चांगला. रेषा कमी, फळ भरपूर. कृष्णा, म्हणजे एनए-5, हाही कमी रेषांचा. त्याचं फळ लवकर तयार होतं, वर लालसर छटा असते. बनारसीचं फळ मोठं आणि देखणं, पण झाडाला लागतं कमी आणि टिकतंही कमी. देखणेपणावर भुलून सगळी बाग त्याचीच करू नये, असं आमचं मत.

सरबतासाठी हिशेब उलटा होतो. फळ किसून फडक्यात पिळलं की रेषा चोथ्यात राहतात, रसात येत नाहीत. मग रेषाळ जात वाईट कशी म्हणायची? कांचन, म्हणजे एनए-4, ही जात रेषाळ आहे, फळ लहान ते मध्यम, पण झाड लगडतं. रस आणि गर काढणारे कारखानदार तिला पसंती देतात. चोथा वाळवून त्याची सुपारी करता येते, म्हणजे वाया काहीच जात नाही. चकैया उशिरा येतो, रेषाळ असतो, पण फळ टिकतं. लोणचं आणि आवळकाठी यांना तो बरा.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच बोललेली बरी. बाजारात व्यापारी आकार बघतो. कांचनचं लहान फळ त्याच्या डोळ्यांत भरत नाही, भाव पाडून मागतो. गटाचं सरबताचं काम जोरात चालू असेल तर आकाराशी आपल्याला देणं-घेणं नाही. पण एखाद्या वर्षी काम थांबलं, कुणाचं बाळंतपण आलं, कुणाची मुलगी सासरी गेली, तर फळ बाजारातच न्यावं लागणार. म्हणून निम्मी झाडं तरी दोन्हीकडे चालणारी असावीत. त्यासाठी एनए-7, म्हणजे नीलम. हे झाड लवकर फळ धरतं, भरपूर धरतं, आणि फळ जवळजवळ सगळ्या पदार्थांना चालतं. खोड एकच: ओझ्याने फांद्या मोडतात. फळ भरलं की बांबूचे टेकू द्यायची तयारी ठेवा.

फ्रान्सिस घेताना जपून. याला हाथीझूलही म्हणतात. त्याचं फळ वरून चांगलं दिसतं, पण आतून तपकिरी, काळं पडण्याची खोड या जातीला आहे. हे बोरॉन कमी पडल्यामुळे होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लिटरमागे 6 ग्रॅम बोरॅक्स मिसळून फवारतात. झाड आधीच दारात असेल तर हा उपाय करा. नव्याने लावायचं असेल तर दुसरी जात घ्या. एनए-7 ही याच फ्रान्सिसच्या रोपातून निवडली, पण तिच्यात ही खोड नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एकाच जातीची झाडं लावू नका. आवळ्याला नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, पण आपल्याच जातीच्या परागाने फळ नीट धरत नाही. झाड फुलाने भरतं, फळ मात्र मोजकंच लागतं, आणि आपण पाण्याला किंवा नशिबाला बोल लावत बसतो. निदान दोन जाती हव्यात, तीन असल्या तर उत्तम. कृष्णासोबत कांचन, एनए-6 सोबत एनए-7 अशा जोड्या लावतात. बागेत दोन ओळी एकीच्या, दोन ओळी दुसरीच्या. बांधावर लावायची असतील तर आलटून पालटून लावा, आणि शेजारणीच्या बांधावर कोणती जात आहे तेही विचारून घ्या. तुमची एक आणि तिची दुसरी असली तर दोघींचं साधतं. अशा वेळी गट असण्याचा उपयोग होतो.

निवडण्याआधी एक साधी परीक्षा करता येते. हिवाळ्यात निरनिराळ्या जातींची किलो-किलो फळं मिळवा. प्रत्येक जात वेगळी किसा, एकाच फडक्यात सारख्या जोराने पिळा, रस मापाने मोजा आणि वहीत लिहा. चार-चार फळं वाफवून फोडी बोटांनी चुरून पाहा, रेषा हाताला कळतात. मग एकट्या जातीचं आणि दोन जातींच्या मिश्रणाचं सरबत करून गटातल्या सगळ्यांना द्या, कोणतं कशाचं ते न सांगता. किसणी, भांडी, चाकू स्टीलचे घ्या. आवळ्यातला तुरटपणा लोखंडाला लागला की रस काळा पडतो, आणि दोष उगीच जातीवर येतो.

बांधावर जुनं गावरान आवळ्याचं झाड असेल तर ते तोडू नका. त्याची फळं लहान आणि फार तुरट असली तरी त्याची मुळं खोल गेलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ते वरून छाटायचं आणि नव्या फुटींवर पावसाळ्यात हव्या त्या जातीचे डोळे भरायचे. हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि एकीने तरी शेजारी उभं राहून शिकून घ्या.

नवी कलमं कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. आपल्या विदर्भासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पावतीवर नुसतं 'आवळा' नको, जातीचं नाव लिहून मागा. 2018 साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत आवळ्याचा समावेश आहे. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं, म्हणजे झाडं जगवावी लागतात. सातबारा मात्र अर्जदाराच्या नावावर हवा. राबणारी बाई आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं, हे आपल्याकडे नेहमीचंच. तेव्हा अर्ज भरण्याआधी घरात हा विषय काढा.

दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर ठेवा. प्रत्येक झाडाला जातीच्या नावाचा पत्रा तारेने सैल बांधा आणि बांधाचा नकाशा गटाच्या वहीत काढून ठेवा. फळ दिसायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर कोणतं झाड कोणतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही.