चिपच्या आतली पलटण

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तंजावूरला आजोबांकडे गेलो होतो. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भिंतीवर कोरून घेतलेला मोठा मराठी शिलालेख आहे. दगडावरची ती अक्षरे अजून शाबूत आहेत. आमच्या पेटीतले मोडी कागद मात्र कडेने झडू लागले आहेत आणि घरात मोडी वाचता येते ते फक्त आजोबांना. म्हणून मी रास्पबेरी पाय झिरोला छोटा कॅमेरा जोडला आणि एकेका पानाचा फोटो घ्यायचे ठरवले.

या बोर्डावर बीसीएम२८३५ नावाचा मल्टिमीडिया प्रोसेसर आहे. प्रोसेसर म्हटले की गणिते करणारा गाभाच आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण आपली शाळा एकटे कमांडंट चालवतात का? बिगुलवाला, गेटवरचा पहारेकरी, मेसचे हवालदार आपापली कामे करतात, म्हणून त्यांना मोठी कामे बघता येतात. चिपमध्येही गाभ्याच्या शेजारी, सिलिकॉनच्या त्याच तुकड्यावर, अशी वेगवेगळी खाती असतात. त्यांना पेरिफेरल म्हणतात. प्रत्येक खात्याचा पत्ता ठरलेला असतो. गाभा त्या पत्त्यावर एक आकडा लिहितो, तोच त्याचा हुकूम.

जीपीआयओ म्हणजे गेट. या चिपला अशा ५४ वाटा आहेत. त्यांतल्या एकीवर मी बटण जोडले होते. बटण दाबले की गेटवरून वर्दी जाते.

आय-टू-सी हे खाते दोनच तारांवर अनेक सुट्या भागांशी बोलते. कॅमेऱ्याला 'प्रकाश वाढव, आता फोटो घे' हे निरोप त्यावरूनच जातात.

चित्र मात्र दुसऱ्या वाटेने येते. माझ्या कॅमेऱ्याचा एक फोटो ३२८० गुणिले २४६४, म्हणजे सुमारे ८० लाख ठिपक्यांचा. दर ठिपक्याला १० बिट धरले तर साधारण १० मेगाबाइट झाले. हा माल गाभ्याने वाहून नेला तर त्याला दुसरे काही सुचणारच नाही. म्हणून कॅमेऱ्याचे खाते तो परस्पर मेमरीत उतरवते आणि काम झाल्यावर फक्त कळवते.

वॉचडॉग हा रात्रीचा पहारेकरी. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात हजेरी दिली नाही, तर तो चिप पुन्हा सुरू करतो.

राहिला टायमर. तो सेकंदाला १० लाख ठोके मोजतो. एवढे बारीक घड्याळ आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो आणि प्रत्येक फोटोला वेळेचेच नाव दिले. तिथेच फसलो.

पहिल्याच दिवशी सकाळी पावणेबाराला वीज गेली. ती आल्यावर आम्ही पुढची पाने घेतली. संध्याकाळी पाहतो तो आधीची आणि नंतरची पाने एकमेकांत मिसळलेली! कारण टायमर चिप सुरू झाल्यापासूनचे ठोके मोजतो. आज तारीख कोणती, हे त्याला माहीत नसते. वीज गेली की मोजणी शून्यावर. बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे इंटरनेट नसेल तर तो शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालतो. माझ्याकडे ती ११ वाजताची होती. म्हणजे ११ ते पावणेबारा हा वेळ दोनदा आला. चूक चिपची नव्हती. कोणत्या खात्याचे काम काय, हे मी नीट वाचले नव्हते.

रुमाल पुन्हा सोडला असता तर कागदांचे आणखी तुकडे पडले असते. मग आजोबांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनवर एका पानाची शेवटची ओळ वाचून तिला जुळणारे पुढचे पान शोधायला लागले. दोन संध्याकाळी गेल्या. मी शेजारी बसून क्रमांक घालत होतो.

नंतर मी डीएस३२३१ हे छोटे घड्याळ आणले. त्याला नाण्याएवढी बॅटरी असते आणि तेही आय-टू-सीच्या दोन तारांवर बसते. आता वीज गेली तरी वेळ चुकत नाही. फोटोंना नावेही वेळेची न देता पानाच्या क्रमांकाची देतो.

मात्र आजोबा नसते, तर ती पाने कोणत्याही घड्याळाने जुळवून दिली नसती. म्हणून परत येताना मी त्यांच्याकडून मोडीची बाराखडी लिहून आणली आहे. रोज रात्री लाइट्स आउटच्या आधी एक ओळ गिरवतो.