वास्तुकलेचे उच्च शिक्षण कशासाठी?

पेडणे तालुक्यातील कोरगाव हे तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधील मुलखातले एक गाव. श्रीदेव कमळेश्वराचे देवस्थान, भातशेती, माडांच्या बागा आणि चिऱ्यांची कौलारू घरे अशी त्याची ओळख सांगता येईल. या परिसरातील जुनी घरे कोणा पदवीधराने आखली नव्हती. खाणीतून चिरा काढणारा कामगार, भिंत रचणारा गवंडी, छप्पर चढविणारा सुतार आणि अंगणाची बाजू ठरविणारा घरधनी अशा चौघांच्या विचाराने घर उभे राही, आणि ते तीन-चार पिढ्यांना पुरे. असे असता वास्तुविशारद हवाच कशाला, आणि त्याने एक पदवी घेतल्यावर पुन्हा दुसरीसाठी दोन वर्षे का घालवावीत, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनात आला तर तो गैर म्हणता येणार नाही. वास्तविक या प्रश्नाच्या उत्तरातच त्या शिक्षणाचे मर्म सामावलेले आहे.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहावयास हवी. भारतात वास्तुकलेचा पहिला पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली, आणि मान्य पदवी घेऊन परिषदेकडे नाव नोंदविल्याखेरीज कोणालाही स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवून व्यवसाय करता येत नाही. गोव्यात या शिक्षणाची सोय १९८२ साली पणजीस आल्तिनो येथे गोवा वास्तुकला महाविद्यालय निघाले तेव्हा झाली. तत्पूर्वी पेडणे-डिचोलीकडील विद्यार्थ्यास मुंबईसारखे दूरचे शहर गाठावे लागे. तात्पर्य, घरे बांधण्याचा अधिकार पहिल्या पदवीनेच मिळतो. पदव्युत्तर पदवी त्या अधिकारात काहीही भर घालीत नाही. केवळ नावापुढील अक्षरे वाढावीत म्हणून जो तिच्या मागे लागतो, त्याची निराशा होणे क्रमप्राप्त आहे.

मग ती पदवी देते काय? पहिल्या पाच वर्षांत विद्यार्थ्यास दिलेल्या प्रश्नाचे उत्तर काढण्यास शिकविले जाते. अमुक जागा, अमुक खोल्या, अमुक खर्च. यात शाळा बसवून दाखव, दवाखाना बसवून दाखव. पदव्युत्तर शिक्षणात प्रश्न कोणता, हेच विद्यार्थ्याने शोधून काढावयाचे असते. शाळा येथेच का? डोंगर कापून जागा सपाट केली तर खालच्या विहिरीचे काय होईल? जुनी इमारत पाडण्याऐवजी दुरुस्त करता येईल काय? अशा प्रश्नांचा छडा लावून, मोजमापे घेऊन, माणसांशी बोलून शेवटी एक प्रबंध सिद्ध करणे हा या अभ्यासाचा गाभा होय. हा अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो.

त्याच्या शाखाही अनेक. नगरनियोजनात जमिनीचा वापर, रस्ते, पाणी आणि वस्ती यांचा मेळ शिकविला जातो. नगररचनेत इमारतींच्या मधल्या जागांचा, म्हणजे बाजार, चौक, नदीकाठ यांचा विचार असतो. भूदृश्यरचनेचा विषय झाडे, उतार आणि पाण्याची वाट हा आहे. वारसा-जतनात जुन्या वास्तूचे दुखणे ओळखून तिला न दुखविता बरे कसे करावे याचे शास्त्र येते. यांखेरीज गृहनिर्माण, इमारतीतील ऊर्जेचा वापर अशा शाखा आहेत. पेडणे तालुक्याकडे पाहिले तर यांपैकी एकही शाखा परकी वाटत नाही. खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी आवरून पिकविलेली खाजन शेते भूदृश्यरचनेच्या विद्यार्थ्यास एखाद्या ग्रंथाइतकी शिकवण देतील. वरचे कातळी सडे पावसाचे पाणी मुरवून पायथ्याच्या झरींना पोचवितात; त्यांच्यावर वस्ती कोठे व्हावी आणि कोठे होऊ नये हा नगरनियोजनाचा विषय. आणि जतनाच्या विद्यार्थ्यास तर कोरगावच्या कुठल्याही वाड्यावरचे जुने घर पुरेसे आहे.

त्या घराचेच उदाहरण घ्यावे. या भागात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. चिरा हा दगड जमिनीत असताना ओलसर आणि मऊ असतो. हत्याराने तो सहज तासता येतो आणि हवा लागल्यावर तो टणक बनतो. परंतु त्याच्या अंगावर छिद्रे असल्याने पाणी शोषण्याची खोड जात नाही. म्हणून भिंतीला पावसापासून दूर ठेवणे हे घराचे पहिले काम. उंच जोते, उतरते छप्पर, खाली ओढून घेतलेली वळचण आणि पुढची पडवी ही सारी त्या एका गरजेतून जन्मली. कौलांच्या सांधींतून गरम हवा वर निघून जाते. मधल्या राजांगणातून उजेड आणि वारा आतल्या खोल्यांना मिळतो. गवंड्याने यातले एकही सूत्र कागदावर मांडले नव्हते, पण त्याच्या हाताला ते अवगत होते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. जुने घर म्हणजे न बदलणारे घर नव्हे. मंगळुरी कौल आज परंपरेचे चिन्ह वाटते. परंतु बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे तेव्हाच्या गवंड्याने नवी वस्तू पारखली, ती आपल्या पावसाला मानवते असे पाहिले आणि स्वीकारली. पुढे सिमेंट आणि लोखंड आले तेव्हा मात्र ही पारख मागे पडली. सपाट स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो, आणि वळचण गेल्यामुळे भिंती पावसात भिजतात. मग वर पत्र्याचे दुसरे छप्पर चढवावे लागते. दोष काँक्रीटचा नाही. ते वापरताना विचारावयाचा प्रश्न विचारला गेला नाही, हा आहे. जे ज्ञान हातातून हातात जात होते त्याची साखळी तुटली, तर ते पुन्हा मोजून, तपासून, लिहून काढणे एवढाच मार्ग उरतो. उच्च शिक्षणाची गरज नेमकी येथे निर्माण होते.

या शिक्षणाने माणूस कसा घडतो याचा उत्तम दाखला कोकणच्याच भूमीत सापडतो. तेरेखोल ओलांडून उत्तरेस गेले की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. त्यातील मालवण तालुक्यातल्या आचरे या गावी १९१६ साली अच्युत कानविंदे यांचा जन्म झाला. वडील चित्रकार आणि कलाशिक्षक. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत कानविंदे वास्तुकला शिकले, तेव्हा त्या विभागाची धुरा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाकडे होती. बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची मापे घेऊन रेखाचित्रे करावयास लावीत. पुढे १९४५ साली भारत सरकारने कानविंदे यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वाल्टर ग्रोपिउस हे गुरू लाभले. ग्रोपिउस यांनी १९१९ साली जर्मनीत ‘बाउहाउस’ ही जगप्रसिद्ध कलाशाळा स्थापिली होती. इमारतीचा आकार हा मागच्या नमुन्यांवरून उचलावयाचा नसून तिचे काम, तिचे साहित्य आणि तिच्यात वावरणारी माणसे यांतून तो निघाला पाहिजे, ही त्यांची शिकवण.

१९४७ साली कानविंदे परतले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या इमारतींचे काम पाहू लागले. १९५५ साली त्यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःची संस्था काढली. त्यांच्या आरंभीच्या वास्तूंत, उदाहरणार्थ अहमदाबादच्या ‘अटीरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीत, पाश्चात्त्य आधुनिकतेची छाप स्पष्ट दिसते. पण ते तेथेच थांबले नाहीत. कानपूरच्या आयआयटीची रचना त्यांनी केली तेव्हा उत्तर भारतातील उन्हाळा त्यांनी विचारात घेतला. काँक्रीटचा सांगाडा, त्यात उघड्या विटांच्या भिंती, आणि इमारतींना जोडणारे सावलीचे पादचारी मार्ग. वाहनांची वाट निराळी. गुजरातेत मेहसाणा येथे १९७० च्या सुमारास त्यांनी दूधसागर डेअरी बांधली. तिथे दुधावरील प्रक्रियेची उष्णता बाहेर जावी म्हणून उभारलेली उंच धुरांडीवजा वातायने हेच त्या इमारतीचे रूप ठरले. हार्वर्डने त्यांना ठराविक आकार दिला असता, तर तो दहा-वीस वर्षांत शिळा झाला असता. गुरूकडून त्यांनी प्रश्न विचारण्याची रीत घेतली, आणि उत्तरे मात्र भारताच्या उन्हापावसाकडून घेतली. १९७४ साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. २००२ साली त्यांचे निधन झाले.

गोव्याशी घराण्याचे नाते असलेले चार्ल्स कोरिया यांची कथाही याच जातीची. मिशिगन विद्यापीठातील पदवीनंतर १९५५ साली त्यांनी एमआयटी या संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पुरे केले आणि ते मुंबईस परतले. अहमदाबादेतील एका स्वस्त घराच्या रचनेत त्यांनी छपराचा उतार असा योजिला की तापलेली हवा वरच्या झरोक्यातून आपोआप निघून जावी. कौलारू घराला जे ठाऊक होते तेच नव्या भाषेत मांडलेले हे सूत्र. पणजीला मांडवीच्या काठी त्यांनी रचलेली कला अकादमी रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला पडवीसारख्या मोकळ्या जागेतून नदीपर्यंत नेते. परदेशी शिक्षणाचे चीज झाले असे म्हणावयाचे ते यासाठी.

परंतु उच्च शिक्षणासाठी परदेशीच जावयास हवे, अशी स्थिती आज नाही. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरचा उगम १९४१ सालचा. अहमदाबादेत पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली वास्तुकलेची शाळा स्थापिली, तीच आज सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. अनेक सरकारी संस्थांत गेट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो. नगरनियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास तर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांच्या पदव्युत्तर पदवीधरांनाही पुष्कळ ठिकाणी दार उघडे असते, ही गोष्ट ग्रामीण विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. परदेशी जाणाऱ्याने मात्र एक खबरदारी घ्यावी. अमेरिकेत एकाच नावाची पदवी दोन प्रकारची असते : अन्य विषयातून येणाऱ्यांसाठी तीन वर्षांच्या आसपासची, आणि वास्तुकलेचे पदवीधर असलेल्यांसाठी त्याहून अल्प मुदतीची. पहिल्या प्रकारची पदवी घेऊन भारतात व्यवसाय करावयाचा असेल तर वास्तुकला परिषदेची मान्यता आहे की नाही हे कर्ज काढण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

अखेरीस पुन्हा मूळ प्रश्नाकडे यावयास हवे. पेडणे तालुका झपाट्याने पालटत आहे. मोपा येथील विमानतळावरून २०२३ सालच्या जानेवारीत वाहतूक सुरू झाली, आणि सड्यांच्या व शेतांच्या जमिनीकडे बाहेरची नजर वळली. जमिनीचे भवितव्य आता १९७४ च्या नगर व ग्रामरचना कायद्याखालील रंगीत नकाशांत लिहिले जाते. कोणता रंग शेतीचा, कोणता वस्तीचा, कोणत्या रेषेने झर तुटेल, हे ज्याला वाचता येत नाही त्याला ग्रामसभेत हात वर करूनही फारसे काही साधत नाही. गवंड्याच्या हातातील ज्ञानाने घर राखता आले, गाव राखावयास ते पुरणार नाही. त्यासाठी नकाशा वाचणारा, पाण्याची वाट मोजणारा आणि आपले म्हणणे अधिकाऱ्यापुढे आकड्यांनिशी मांडणारा गावचाच माणूस हवा.

कोरगावसारख्या गावातून एखादी मुलगी वा मुलगा या अभ्यासास गेला तर त्याने प्रबंधाचा विषय शोधण्यास लांब जाऊ नये. एका वाड्यावरील दहा जुनी घरे मोजावीत. कोणत्या खोलीत दुपारी किती उष्मा होतो याची नोंद ठेवावी. वयोवृद्ध गवंड्याजवळ बसून चुन्याचा गारा कसा मळावा हे लिहून घ्यावे. बांध, मानस, झर यांचा नकाशा करावा. असा एक प्रबंध ग्रामपंचायतीच्या कपाटात असला तर पुढच्या पिढीला तो उपयोगी पडेल. ज्या शिक्षणाने विद्यार्थ्याला आपल्याच गावाकडे नव्या आणि जाणत्या नजरेने पाहता येते, त्यासाठी घालविलेली दोन वर्षे वाया गेली असे कोणीही म्हणणार नाही.